उभं जहाज

श्रद्धा लांज्याची. हायवेला लागून तिच्या वडिलांचं काजूगराचं दुकान, आणि बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला येईपर्यंत तिची समुद्राशी ओळख म्हणजे भाट्याच्या किनाऱ्यावर खाल्लेली भेळ, एवढीच. इंटर्नशिपसाठी शाळा वाटल्या गेल्या तेव्हा शहरातल्या शाळा पुढच्या रोल नंबरांनी उचलल्या आणि तिच्या वाट्याला खाडीच्या तोंडाशी असलेलं एक हायस्कूल आलं. रत्नागिरीच्या स्टँडवरून सकाळी सव्वानऊची एसटी, पाऊण तासाचा रस्ता, आणि मग जांभ्याच्या पाखाडीने दहा मिनिटं पायऱ्या उतरायच्या. डिसेंबर ते मार्च, सोळा आठवडे.

तिथे तिला मार्गदर्शक म्हणून मिळाले महिपत गुरव सर. भूगोल शिकवायचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला दारासारखा मोठा टचस्क्रीनचा पॅनल भेट दिला होता. तो नववीच्या वर्गात भिंतीवर बसवलेला होता आणि गुरव सरांनी त्याच्यावरच जगाचा कापडी नकाशा टांगलेला होता. खिळा तेवढाच होता, असं त्यांचं म्हणणं. श्रद्धाने पहिल्याच आठवड्यात भीत भीत विचारलं, हा चालू करू का? सर म्हणाले, करा की. मी मागे बसतो. मलाही बघायचंच आहे त्यात काय आहे ते.

कॉलेजात त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलेली होती. प्रश्न मुलांकडून आला पाहिजे. शिक्षकाने उत्तर द्यायचं नाही, मुलांना अंदाज बांधू द्यायचा, पुरावा शोधू द्यायचा, निष्कर्षही त्यांनाच काढू द्यायचा. बाकीच्या मुली हे पाठटाचणात लिहायचं म्हणून लिहीत. श्रद्धाचा त्यावर खरोखर विश्वास होता. पण तीन आठवडे झाले तरी वर्गातून प्रश्न म्हणून काही निघेना. ती विचारी, कुणाला काही विचारायचंय? अठ्ठावीस मुलं एकमेकांकडे बघत. शेवटी एकजण हात वर करी आणि म्हणे, मॅडम, हे परीक्षेला येणार का?

मग हजेरीच्या वहीत पालकांचा व्यवसाय भरताना तिच्या लक्षात आलं की ह्या वर्गातल्या अकरा मुलांच्या नावापुढे 'जहाजावर' असं लिहिलेलं आहे. कुणाचे वडील टँकरवर, कुणाचा काका कंटेनरच्या बोटीवर, कुणाचा भाऊ नुकताच पहिल्या सफरीला गेलेला. आणि पुढचा धडा होता सागरी वाहतुकीचा. श्रद्धाला रात्रभर झोप आली नाही, ती आनंदाने. जगातली जहाजं आत्ता ह्या क्षणी कुठे आहेत ते दाखवणारी संकेतस्थळं असतात, हे तिला माहीत होतं. तिने मुलांना सांगितलं, सोमवारी येताना आपापल्या माणसाच्या जहाजाचं नाव चिठ्ठीवर लिहून आणा.

सोमवारी तिने आपल्या मोबाइलचं नेट पॅनलला जोडलं आणि भिंतभर समुद्र उघडला. निळ्या पाण्यावर हजारो रंगीत बाण. वर्ग बाकं सोडून पुढे आला. साकिबच्या मामाचा टँकर सुएझच्या तोंडाशी सापडला. कुणीतरी अक्षांश वाचले, कुणी रेखांश, एकीने वेग वहीत उतरवून घेतला आणि बंदर किती तासांवर आहे त्याचं गणित मांडलं. अजिंक्यचा भाऊ ब्राझीलजवळ होता, तिथे आता पहाट झाली असेल का ह्यावर दोघांचं भांडण जुंपलं. गुरव सर मागच्या बाकावरून उठले, चष्मा लावून पॅनलपाशी आले आणि त्यांनीही एका बाणावर हळूच बोट टेकवून पाहिलं. बी.एड.ला प्रवेश घेतल्यापासून श्रद्धा ज्याची वाट पाहत होती तो तास हाच होता. 

मग अलफियाची चिठ्ठी आली.

अलफिया तिसऱ्या बाकावर बसे. किडकिडीत, अक्षर मोत्यासारखं, आणि बोलताना आधी थोडं थांबून मग बोलणारी. तिचे अब्बा, वजीर, मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये होते. दर शुक्रवारी ते घरी आवाजी निरोप पाठवत आणि शनिवारी अलफिया वर्गात सांगे, अब्बा सिंगापूरला पोचले, अब्बा आता डर्बनच्या वाटेवर आहेत. वहीच्या मागच्या पानावर तिने बंदरांची यादी केली होती, तारखांसकट. चिठ्ठीवर लिहिलं होतं, झुबेदा मरीन.

श्रद्धाने नाव टाकलं. नकाशा सरकत सरकत आखातात गेला आणि एका बंदराबाहेर थांबला. तिथे बाण नव्हता, एक गोल ठिपका होता. वेग शून्य. खाली लिहिलेलं होतं, नांगर टाकून उभं, आणि पोचल्याची तारीख, अकरा एप्रिल. वर्गात कॅलेंडर जानेवारीचं होतं.

दर्शन म्हणून एक मुलगा होता, गणितात हुशार. त्याने बोटांवर महिने मोजले आणि विचारलं, "मॅडम, हे जहाज नऊ महिने चाललंच नाही. का?"

इतक्या आठवड्यांत मुलांकडून आलेला हा पहिला खराखुरा प्रश्न. पुढे कितीतरी दिवस श्रद्धा स्वतःला हेच विचारत राहिली की त्या वेळी आपल्याला अलफियाचं तोंड का दिसलं नाही. तिला दिसला तो प्रश्न. तिने तो फळ्यावर लिहिला. अंदाज सांगा म्हणाली. मुलांनी सांगितले, इंजिन बिघडलं असेल, माल भरायचा असेल, कप्तान आजारी असेल. तिने एकाखाली एक लिहून काढले.

अलफिया म्हणाली, "ते चुकीचं दाखवतंय. अब्बा मंगळवारी कोलंबोला होते."

"मग तपासून बघूया," श्रद्धा म्हणाली.

साकिब पॅनलजवळच उभा होता. त्याने जहाजाचं नाव सरळ शोधायच्या चौकटीत टाकलं. बातम्या इंग्रजीत होत्या, अक्षरं वितीएवढाली. मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या जहाजांच्या एका यादीत तिसरं नाव झुबेदा मरीन. खलाशी अकरा. अन्नपाणी धर्मादाय संस्थेकडून. श्रद्धाने वाचलं आणि तिचा हात पॅनलकडे जाईपर्यंत मुलांनीही वाचलं होतं. फक्त एक शब्द त्यांच्या इंग्रजीच्या पुस्तकात अजून आला नव्हता. 

"मॅडम," अलफियाने विचारलं, "अबँडन्ड म्हणजे काय?"

श्रद्धा काही बोलायच्या आत मागून खट् आवाज झाला आणि पॅनल काळा पडला. गुरव सरांनी भिंतीवरचं मुख्य बटण बंद केलं होतं. उरलेलं पुढच्या तासाला, म्हणाले, आणि मुलांना बाकांवर बसायला सांगितलं. घंटा व्हायला अजून बारा मिनिटं होती. अलफिया दप्तर मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या शेजारची महरीन तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती.

शिक्षकांच्या खोलीत गुरव सरांनी श्रद्धाला पाणी दिलं. मग ते खाली मान घालून म्हणाले की वजीरचं जहाज अडकलंय हे त्यांना ठाऊक होतं. गावातल्या सगळ्याच मोठ्या माणसांना ठाऊक होतं. नसीमाने, म्हणजे अलफियाच्या आईने, एकेकाला गाठून सांगितलेलं, पोरीच्या कानावर जाऊ देऊ नका. गावाने नऊ महिने ते पाळलं. "तुम्हाला सांगायला पाहिजे होतं," सर म्हणाले. "पण तुम्ही ते पान उघडलंत तेव्हा मलाच इतकी मजा वाटायला लागली, की माझ्या ध्यानातच आलं नाही."

शाळा सुटल्यावर दोघं अलफियाच्या घरी गेली. घर जेटीच्या वरच्या अंगाला, ओट्यावर दुबईहून आणलेल्या फरशा, पत्र्यावर सुकत घातलेले बोंबील. अलफिया आतल्या खोलीत होती आणि दार लावलेलं होतं. नसीमा ओरडेल, रडेल, शाळेत तक्रार करीन म्हणेल अशी तयारी करून श्रद्धा गेली होती. नसीमाने खुर्च्या पुसून दिल्या आणि चहा ठेवला.

मग तिने सगळं सांगितलं. एप्रिलमध्ये जहाज माल उतरवून बंदराबाहेर नांगरून राहिलं. मालकाने सांगितलं आठ दिवस. पुढे मालकाने फोन उचलणं बंद केलं. पासपोर्ट एजंटाकडे, जहाज सोडून कुणी उतरायचं नाही असा बंदराचा हुकूम, कारण जहाज बेवारशी सोडता येत नाही. उन्हाळ्यात लोखंडी डेकवर पाय ठेवता येत नव्हता. वजीर जहाजावरूनच निरोप बोलून पाठवायचे, अलफिया, अब्बा आज सिंगापूरला आहे, इथे पाऊस आहे. कुठल्या बंदरावरून कुठल्या बंदराला किती दिवस लागतात ते त्यांना पंचवीस वर्षांच्या नोकरीमुळे पाठ होतं, त्यामुळे तारखा कधी चुकल्या नाहीत.

"पोर लहान आहे म्हणूनच नाही सांगितलं असं नाही, मॅडम," नसीमा म्हणाली. "ती शनिवारची शाळेतून येऊन मला पण सांगायची, अब्बा आता कोलंबोला. मला माहीत असायचं. तरी ती सांगायची तेवढा वेळ मला पण वाटायचं, आहेत कोलंबोला."

श्रद्धाने माफी मागायला तोंड उघडलं. नसीमाने हातानेच थांबवलं आणि बशी पुढे सरकवली.

अलफिया चार दिवस शाळेत आली नाही. शनिवारी आली ती सरळ श्रद्धासमोर उभी राहिली. आईशी ती बोलत नव्हती आणि शुक्रवारचा निरोप तिने ऐकला नव्हता. तिला एवढंच हवं होतं की पॅनल चालू करावा. फळ्यावर लिहिलेला प्रश्न अर्धा राहिलाय, म्हणाली. जहाज का चाललं नाही ते कळलं. आता ते सोडवायचं कुणी, ते शोधायचं.

त्यानंतरचे सहा आठवडे नववीच्या वर्गाने जसं काम केलं तसं श्रद्धाने ना आधी पाहिलं होतं ना कॉलेजच्या पुस्तकात वाचलं होतं. मुलांनी चार गट केले. एका गटाने जहाजाचा झेंडा शोधला. तो अशा देशाचा निघाला की नकाशावर त्याला समुद्रच नव्हता. दुसऱ्या गटाने मालक शोधला. कंपनीचा पत्ता एका बेटावरचा, त्याच पत्त्यावर आणखी शेकडो कंपन्या. दर्शनने विम्याचं शोधून काढलं, तो मागच्या मार्चमध्येच संपलेला. महरीनने खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मराठीत उतरवायला घेतला, शब्दकोश मांडीवर घेऊन. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं की अशा खलाशांना घरी पोचवणं ही जहाजाच्या झेंड्याच्या देशाची जबाबदारी, त्याने नाही केलं तर बंदराच्या देशाची, त्यानेही नाही तर खलाशाच्या स्वतःच्या देशाची. मुलांना वाटलं, झालं, उत्तर सापडलं. एक नाही तर तीन-तीन देश.

त्यांनी पत्रं लिहिली. श्रद्धाने ती तपासली, इंग्रजी नीट केलं, आपल्या ईमेलवरून पाठवली. एका कार्यालयातून दोन मिनिटांत उत्तर आलं तेव्हा वर्गात टाळ्या झाल्या. ते उत्तर संगणकाचं होतं, त्यात फक्त तक्रारीचा क्रमांक होता. मुलांनी तो क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावला. दुसऱ्या कार्यालयाने कळवलं की हा विषय पहिल्या कार्यालयाकडे येतो. खलाशांच्या एका संघटनेच्या बाईंनी मात्र फोन केला. त्या चांगल्या होत्या, सगळं ऐकून घेतलं. हे जहाज आमच्या यादीत आहे, म्हणाल्या. अशी आणखीही पुष्कळ आहेत. मुलांना शाबासकी सांगा.

श्रद्धा रोज संध्याकाळच्या एसटीत बसून मोबाइलवर ईमेल उघडायची. कॉलेजच्या होस्टेलवर मैत्रिणी विचारायच्या, तुझे पाठ किती झाले? तिचे पाठ केव्हाच पुरे झाले होते. 

फेब्रुवारीत कॉलेजच्या निरीक्षक मॅडम पाठ पाहायला आल्या. त्या दिवशी कराराच्या कलमांवर दोन गटांत चर्चा चालली होती. पॅनलवर आखाताचा नकाशा, भिंतीवर पत्रं आणि क्रमांक. मॅडम मागच्या बाकावर गुरव सरांशेजारी बसून लिहीत राहिल्या. तास संपल्यावर त्यांनी श्रद्धाच्या वहीत शेरा लिहिला, जिज्ञासेतून शिक्षणाचा आदर्श पाठ, तंत्रज्ञानाचा अर्थपूर्ण वापर, इतर प्रशिक्षणार्थींनी अनुकरण करावे. पाच-सहा फोटो काढले. एका फोटोत अलफिया पॅनलवरच्या त्या ठिपक्याकडे बोट दाखवत उभी आहे. मॅडमना कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी कौतुकाने विचारलं, हेच जहाज का निवडलं बरं तुम्ही? अलफिया म्हणाली, ह्याची माहिती जास्त मिळत होती.

श्रद्धाला त्या शेऱ्याची लाज वाटली. तिने वही दप्तरात तळाशी घातली.

त्यानंतर आठवड्याभराने ठिपका गेला. मधल्या सुट्टीत अलफियाने नेहमीसारखं नाव टाकलं आणि पॅनलने दाखवलं, शेवटचा संकेत चार दिवसांपूर्वी. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी सहा. श्रद्धाने संघटनेच्या बाईंना फोन लावला. त्यांनी समजावून सांगितलं की जहाजावरचं डिझेल संपलं असणार, जनरेटर बंद असेल तर संकेत पाठवणारं यंत्रही बंद, घाबरायचं कारण नाही. श्रद्धाने ते तसंच अलफियाला सांगितलं. अलफियाने विचारलं, जनरेटर बंद म्हणजे पंखा पण बंद? फ्रीज पण? पाणी गोडं करायचं यंत्र पण? श्रद्धा म्हणाली, विचारून सांगते. तिला विचारायची गरज नव्हती.

अकराव्या दिवशी नसीमा शाळेत आली. दुपारची वेळ, मुलं मैदानावर. तिने मोबाइल श्रद्धाच्या हातात दिला. ह्यांना तुमच्याशी बोलायचंय, म्हणाली, आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन पाठमोरी उभी राहिली. शेजारच्या जहाजावरच्या कुणीतरी फोन चार्ज करून दिला होता.

वजीरचा आवाज थकलेला होता, पण बोलणं अदबीचं. आधी त्यांनी श्रद्धाच्या घरची चौकशी केली, लांज्याला कुठे, वडील काय करतात. मुलांची पत्रं नसीमाने वाचून दाखवली होती, ती सगळ्या खलाशांना सांगितली, म्हणाले. दोघं केरळचे आहेत, एक आपल्या कोकणातलाच, बुरोंडीचा पोरगा आहे, मुझम्मिल म्हणून, त्याला फार बरं वाटलं. मग थोडं थांबले. बाप-लेकीची थांबण्याची सवय एकच होती.

"मॅडम, एक काम होतं. पोर माझं ऐकत नाही. आईचं तर नाहीच. मी खोटं बोललो, तिचं बरोबर आहे. पण तुमचं ऐकेल. तुम्ही तिला सांगा, कागद झालेत, महिन्याभरात अब्बा येतोय. परीक्षा आहे तिची. ती जेवत नाही म्हणते हिची आई."

"कागद झालेत का?" श्रद्धाने विचारलं.

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. "नाही," वजीर म्हणाले.

श्रद्धा बघते म्हणाली. काळजी घ्या म्हणाली आणि लगेच वाटलं, हे काय बोललो आपण.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही तिने मनात वाक्य जुळवून पाहिलं. एवढंच तर होतं. महिन्याने खोटं ठरलं असतं, तोवर श्रद्धा लांज्याला परत गेलेली असती. पोरगी चार घास जेवली असती, पेपर नीट लिहिले असते. गुरव सरांना विचारलं तर ते म्हणाले की त्यांनी नऊ महिने न बोलून पाहिलं, त्यामुळे सल्ला द्यायला ते लायक नाहीत.

मधल्या सुट्टीत अलफिया पॅनलपाशी आली तेव्हा श्रद्धा म्हणाली, "परवा तुझ्या अब्बांशी बोलले मी."

"काय म्हणाले?"

"लवकर येतो म्हणाले."

अलफियाने तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं, मॅडम?"

वर्गात दोघीच होत्या. बाहेर मुलांचा गलका होता. श्रद्धाला ते वाक्य येत होतं, दोन दिवस घोकलेलं, अगदी तोंडाशी होतं.

"मला माहीत नाही, अलफिया."

अलफियाने मान डोलावली. रागावली नाही, रडली नाही. डबा उघडून तिथेच पहिल्या बाकावर बसली आणि एक चपाती अर्धी करून तिने श्रद्धापुढे धरली. स्वतःही खाल्ली. श्रद्धाने ती अर्धी चपाती गिळली खरी, पण तिला वाटत राहिलं की आपण एका थकलेल्या माणसाचं साधं काम केलं नाही, आणि केलं असतं तर तेही बरोबर झालं नसतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात इंटर्नशिप संपली. मुलांनी निरोपाला गुलाबाचं रोप दिलं. गुरव सरांनी तिच्या प्रमाणपत्रावर सही केली आणि पॅनल कसा चालू-बंद करायचा ते पुन्हा एकदा विचारून कागदावर लिहून घेतलं, कारण आता तो रोज अलफियासाठी त्यांनाच उघडावा लागणार होता. श्रद्धा लांज्याला गेली. दुकानात बसून टीईटीचा अभ्यास करू लागली. गिऱ्हाईक नसलं की जहाजाचं पान उघडून बघायची. शेवटचा संकेत एकतीस दिवसांपूर्वी. बेचाळीस दिवसांपूर्वी.

मे महिन्यात संघटनेच्या बाईंचा मेसेज आला की झुबेदा मरीनवरच्या अकरांपैकी सहाजणांना बंदराने घरी पाठवायची परवानगी दिली आहे. पाचांना राहावं लागेल, जहाज सांभाळायला तेवढी माणसं लागतातच. सहाजणांची नावं त्यात नव्हती. श्रद्धाने नसीमाला फोन केला. नसीमाला कळलं होतं. हे नाहीत, म्हणाली, मुझम्मिल येतोय, बुरोंडीचा. त्याच्याबरोबर ह्यांनी काही सामान दिलंय, रविवारी घेऊन येईल. तुम्ही याल का? अलफियाला त्याला पुष्कळ विचारायचंय. मी एकटी पुरी पडणार नाही.

रविवारी श्रद्धा गेली. मुझम्मिल पंचविशीतला होता, पण शर्ट अंगावर लोंबत होता. सामान म्हणजे एक जुनी बॅग, तिच्यात धुऊन घडी घातलेला इंजिनरूममधला कामाचा बॉयलर सूट, अलफियासाठी दोरखंडाच्या बारीक सुतळीचं विणलेलं एक पाकीट, आणि नसीमासाठी वजीरचं घड्याळ. घड्याळ नसीमाने मुठीत धरलं आणि मूठ उघडलीच नाही.

अलफिया त्याच्यासमोर वेताच्या मोढ्यावर बसली. तिने विचारायला सुरुवात केली तेव्हा श्रद्धाने ओळखलं की हे सगळं तिने आधीच क्रमाने लावून ठेवलेलं आहे. तुम्ही झोपायचा कुठे? डेकवर. पाणी कोण आणायचं? पंधरा दिवसांनी टगबोट. आजारी पडलं तर? अब्बांना कुणी त्रास दिला का? अब्बा सकाळी काय करतात? मुझम्मिल सरळ उत्तरं देत होता. वजीरभाई पहाटे उठून बंद इंजिन पुसतात, म्हणाला. चालत नाही तरी गंज चढू देत नाहीत. आम्ही म्हणायचो, कुणासाठी? ते म्हणायचे, हाताला सवय आहे. हे सांगताना तो हसला, आणि नसीमाही जराशी हसली.

मग अलफियाने विचारलं, "सहाजणांची नावं कुणी ठरवली?"

"बंदराच्या ऑफिसनं. जास्त दिवस नोकरी झालेल्यांची आधी."

"तुमची जास्त झाली होती?"

मुझम्मिलने नसीमाकडे पाहिलं, मग श्रद्धाकडे. श्रद्धाला कळलं की पुढचा प्रश्न काय येणार आहे. तिला ह्या मुलीला थांबवायचं होतं, अलफिया, चहा आण गं, असं काहीतरी म्हणायचं होतं. पण एका उत्तरावर थांबायचं नाही हे तिनेच शिकवलं होतं, सोळा आठवडे, आणि तिची जीभ उचलली नाही.

"अब्बांचं नाव यादीत होतं?"

"होतं," मुझम्मिल म्हणाला. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "माझं नव्हतं. मला मार्चपासून ताप येत होता. रक्त पडायला लागलं होतं. वजीरभाईंनी टगबोटीबरोबर ऑफिसला अर्ज पाठवून नाव बदलून घेतलं. मी नको म्हटलं. तुझी अम्मी आहे इथे, तिच्यासमोर सांगतो, मी नको म्हटलं. पण एकदाच म्हटलं."

नसीमा भिंतीला टेकून उभी होती. तिला हे ठाऊक होतं की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. बाहेर जेटीवर कुणीतरी होडीचं इंजिन चालू करून पाहत होतं, ते धडधडे आणि बंद पडे.

अलफिया मुझम्मिलच्या मनगटांकडे बघत राहिली. श्रद्धाला वाटलं, आता ही त्याला घरातून जा म्हणेल, आणि म्हणाली तर आपण काय करणार आहोत? मुझम्मिललाही तेच वाटत असावं, कारण तो उठायच्या बेतात पुढे सरकून बसला होता.

"तुमचा चहा गार झाला," अलफिया म्हणाली. "दुसरा आणते." आणि कप उचलून ती आत गेली.

तिच्यामागोमाग नसीमा गेली. आत स्टोव्हचा आवाज सुरू झाला, बाकी कसलाच नाही. बाहेर श्रद्धा आणि मुझम्मिल समोरासमोर बसून राहिले. त्याने तिला विचारलं, तुम्हीच त्या पत्रंवाल्या मॅडम का? ती हो म्हणाली. चांगली होती पत्रं, तो म्हणाला. मग दोघंही दाराकडे बघत चहा येण्याची वाट पाहू लागले.